पुढची रांग, मागची रांग

"मास्तरांचं नख लागलं का?"

जुनी इंजिनं उघडून नवी करून देणाऱ्या त्या कारखान्यात हा प्रश्न दिवसातून केव्हाही कानावर पडायचा. लागलं असं उत्तर आलं की पुढचा माणूस निमूट इंजिन जोडायला घ्यायचा. मास्तर म्हणजे कुठल्या शाळेचे मास्तर नव्हेत, शाळेशी त्यांचं लहानपणीच फाटलं होतं. पण पिस्टन बघावा तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती होती, आणि ही ख्याती इतरांइतकीच त्यांनाही मान्य होती.

आता त्यात जादूटोणा काही नव्हता. इंजिनातून निघालेला पिस्टन काळाकुट्ट असतो. डोक्यावर कार्बनचा थर, रिंगा बसतात त्या खाचांमध्ये जळक्या तेलाचं कीट. तो रॉकेलमध्ये भिजत टाकायचा, पितळी ब्रशानं घासायचा, आणि खाचा साफ करायच्या त्या जुन्याच रिंगेचा तुकडा मोडून. कानस लावली तर खाच रुंदावते आणि पिस्टन कामातून जातो. एवढं झालं की आतला पांढरा धातू दिसायला लागतो आणि त्यावरच्या रेघाही. खरी मेख इथं असते. काही रेघा नुसते डाग असतात, काही खरे ओरखडे. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मग पहिल्या बोटाचं नख त्या रेघेवरून आडवं, सावकाश न्यायचं. नख सरकलं तर पिस्टन बरा. अडकलं, अगदी केसभर अडकलं, तरी तो भंगाराच्या पिंपात.

मास्तरांचं नख जिथं अडकायचं तिथं दुसऱ्या कुणाचं अडकायचं नाही. मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, "आमच्याकडे नखाखालून गेल्याशिवाय पिस्टन आत जात नाही." मास्तर शेजारी उभे राहून आपलं त्यात काही नाही असा चेहरा करायचे. त्या बोटाला ते फार जपायचे. त्यानं ते डब्याचं झाकण उघडत नसत, कान खाजवत नसत, आणि दाराची घंटा वाजवायची तर मधल्या बोटानं वाजवत. बायको म्हणायची, "मला नवरा मिळाला तो नऊच बोटांचा. दहावं कारखान्याचं."

ही बायको. कारखान्यातले लोक तिला वहिनी म्हणत.

लग्न नवीन होतं तेव्हा मास्तर एकदा भंगारातला पिस्टन घरी घेऊन आले. दुसरा कुणी फुलं आणता, यांनी पिस्टन आणला. तिला खिडकीशी बसवलं, तिचं बोट आपल्या हातात धरलं आणि धातूवरून फिरवलं.

"लागलं काही?"

"नाही."

"घाई नको. परत."

"नाही हो. गुळगुळीत आहे."

"दाबू नकोस. नुसतं जाऊ दे."

तिनं डोळे मिटून घेतले. बोट जात राहिलं आणि मध्येच थांबलं.

"हे?"

"हेच," मास्तर म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिचं बोट बराच वेळ सोडलंच नाही. त्या दोघांच्या संसारातलं प्रेमाचं बोलणं म्हणावं तर ते असं. त्याहून गोड बोलणं मास्तरांना जन्मात जमलं नाही.

पुढे पिस्टन धुणारा माणूस काम सोडून गेला आणि मालकांना दुसरा मिळेना. वहिनी रोज दुपारी डबा घेऊन यायची. ती म्हणाली, मी धुते. मास्तरांना ते मुळीच पसंत नव्हतं.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पिस्टन पूर्वीपेक्षा स्वच्छ निघतात."

मालक म्हणाले, "वहिनी, हात खराब होतील."

"हात काय कपाटात काचेमागं ठेवायचेत?" ती म्हणाली, आणि टबाशी जाऊन बसली. मग ती तिथून उठली ती थेट आजारी पडली तेव्हा.

मागच्या दाराशी तिची बसकी चौकी असायची. उजव्या हाताला रॉकेलचा टब, डाव्या हाताला चिंध्यांची टोपली. एकेक पिस्टन ती मांडीवर घेऊन पुसायची, आंघोळ घातलेल्या पोराचं डोकं पुसतात तसा. काम करता करता तोंड चालू. इंजिनाचा सिलिंडर आतून कोरणाऱ्या, बोरिंगच्या मशीनवरचा माणूस हा तिचा हक्काचा श्रोता. त्याच्या मशीनच्या आवाजात त्याला निम्मं ऐकू यायचं नाही, पण तो बरोबर जागच्या जागी हसायचा. रॉकेलनं तिच्या तळहातांना भेगा पडल्या. तिच्या हातांचा वास कशानंच जायचा नाही, आणि लेकीला शाळेत जाईपर्यंत वाटायचं की सगळ्यांच्या आयांच्या हातांना तोच वास येतो. बाजारात भांडं घ्यायला गेली की वहिनी बुडावरून नख फिरवून दुकानदाराला सांगायची, "हे गळणार, दुसरं दाखवा." दुकानदार चिडायचा. भांडं गळायचंच.

मास्तरांनी हे सगळं बघितलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. बायकोला आपण थोडंसं शिकवलंय आणि तिला त्याची गंमत वाटते, इतकंच त्यांच्या लेखी होतं.

मग त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, पावलं जपा, पायांना मुंग्या येतील, जखम कळणार नाही. मास्तरांनी पावलं जपली. हातांचं डॉक्टर काही बोलले नव्हते, म्हणून मास्तरांनीही काढलं नाही. पण बोटांची टोकं हळूहळू परकी होत चालली होती. चहाचा ग्लास आधी गरम लागेनासा झाला, मग हातात आहे की नाही हेही बघून ठरवावं लागायला लागलं. पिस्टनवर नख फिरवताना पूर्वी एका फेरीत निकाल लागायचा. आता ते तीच रेघ दोनदा, तीनदा बघायला लागले. लोकांना वाटलं, मास्तर वयाबरोबर आणखी चोखंदळ झाले. मास्तरांनी तसंच वाटू दिलं.

टबाशी बसलेल्या बाईला मात्र तसं वाटलं नाही.

धुतलेले पिस्टन ती एका लांबट पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवून मास्तरांच्या टेबलावर आणून द्यायची. आजवर कसेही ठेवायची. एके दिवशी ट्रे आला तो दोन रांगा करून. पुढच्या रांगेत चार, मागच्या रांगेत, भिंतीकडे, दोन.

"मी आपलं मांडून ठेवलंय," ती म्हणाली आणि परत टबाकडे गेली.

मास्तरांनी पुढचे चार बघितले. काही लागलं नाही. मागचे दोन बघितले. तिथंही काही लागलं नाही. पण भिंगाखाली धरल्यावर त्या दोघांवरच्या रेघा जरा जास्तच काळ्या वाटल्या. त्यांनी ते दोन बाजूला काढले. दुसऱ्या दिवशी परत दोन रांगा. आठवडाभरात त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडाकडे त्यांनी पाठ फिरवली. आपल्याला समजलंय हे त्यांनी तिला सांगितलं नाही. त्यांना समजलंय हे तिला समजलं, आणि तीही बोलली नाही. पुढची रांग बरी, मागची रांग वाईट. पुढची कित्येक वर्षं कारखान्यातला प्रत्येक पिस्टन वहिनीच्या नखाखालून गेला आणि नाव मास्तरांच्या नखाचं झालं. मास्तर समारंभपूर्वक प्रत्येकावर बोट फिरवायचे, कपाळाला आठी घालायचे, थांबायचे, मान हलवायचे. सोंग चांगलं वठलं होतं. मला विचाराल तर मास्तरांचा राग येतो तो इथं. एक शब्द बोलायचा होता, तोही घरात, दार लावून. तो त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मग लेकीचं बाळंतपण आलं. वहिनीनं सकाळी येऊन ट्रकच्या एका इंजिनाचे पिस्टन धुतले, रांगा लावल्या, ट्रे टेबलावर ठेवला आणि ती लेकीकडे गेली. दुपारी मास्तरांनी त्याच टेबलावर डबा खाल्ला. चहा सांडला. त्यांनी ट्रे उचलून स्टुलावर ठेवला, टेबल पुसलं, ट्रे परत जागेवर ठेवला. ट्रेच्या दोन्ही बाजू सारख्याच. तो फिरला हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आता भिंतीकडे होते ते चांगले पिस्टन आणि पुढं आले होते ते ओरखडलेले. मास्तरांनी नेहमीसारखं बोट फिरवलं, आठी घातली, मान हलवली, आणि मागची रांग पिंपात टाकली.

ट्रक चढणीवर होता तेव्हा इंजिन जाम झालं. ट्रक मागं आला, कठड्याला धडकला. ड्रायव्हर तरणाबांड माणूस होता. तो जिवानिशी वाचला, पण त्याचा उजवा गुडघा पुन्हा वाकला नाही.

इंजिन परत आलं आणि सगळ्यांच्या देखत उघडलं गेलं. पिस्टनवर बोटाएवढे ओरखडे. बोरिंगवाल्यानं भंगाराचं पिंप उपडं केलं आणि त्यातून त्याच इंजिनाचे चांगले पिस्टन निघाले. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मालकसुद्धा.

वहिनी त्याच सकाळी लेकीकडून परतली होती. तिनं पिस्टन बघितले, टेबल बघितलं, मास्तरांचा चेहरा बघितला. तिला एवढं पुरलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "यांनी बघून वेगळे काढले होते. मी पुन्हा एकदा धुवायला घेतले, आणि जायच्या घाईत ट्रे उलटा ठेवून गेले."

मास्तरांना तेव्हा कळलं की ट्रे कुणी फिरवला होता. त्यांनी तोंड उघडलं. पण मालक तोवर वहिनीवर ओरडायला लागले होते, आणि मास्तरांचं तोंड उघडं होतं तसं मिटलं.

ती ड्रायव्हरला भेटायला दवाखान्यात गेली. तिथं त्याची आई होती. काय झालं ते तिनं नंतर सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती टबाशी बसली आणि ट्रे आला तो दोन रांगांचाच.

लोक विसरले असं म्हणता येत नाही. त्यांनी त्याची थट्टा करून टाकली, ते विसरण्यापेक्षा वाईट. कारखान्यात काहीही उलटं लागलेलं दिसलं, भिंतीवरचं घड्याळ असो की कुणाचा अंगातला शर्ट, की कुणीतरी विचारायचं, "वहिनींनी लावलं का?" ती स्वतः सगळ्यांच्या आधी हसायची. नव्यानं लागलेल्या माणसालाही आधी ही थट्टा शिकवली जायची आणि मग काम. मास्तर त्या वेळी नेमके कुठलातरी पाना शोधत असायचे.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. आजारपण लांबलं नाही, एवढी एकच दया झाली. शेवटी शेवटी ती खाटेवर पडून भिंतीच्या गिलाव्यावरून नख फिरवत असायची, तिला स्वतःला कळतही नसावं. एका दुपारी तिनं विचारलं,

"आता कसं करणार तुम्ही?"

"काय?"

"काही नाही."

मास्तर खाटेच्या कडेला बसून होते. दार लावलेलं होतं. लेक औषधं आणायला गेली होती. बोलायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

"करीन काहीतरी," ते म्हणाले.

तिनं मान हलवली आणि कूस बदलली. त्या गोष्टीच्या इतक्या जवळ ती दोघं कधीच गेली नव्हती, आणि नंतर जायची वेळ राहिली नाही.

ती गेल्यावर माणसं भेटायला येत राहिली. मालक आले, बोरिंगवाला आला. तो रडला आणि रडता रडता त्याला ट्रेची थट्टा आठवली, ती त्यानं लेकीला सांगितली, आणि दोघं ओल्या डोळ्यांनी हसली. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. त्यांना ते हसणं काट्यासारखं रुतलं.

मग ड्रायव्हर आला. आता तो रस्त्याच्या टोकाला, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर कामाला बसायचा. ताठ पाय पुढं काढून तो कसाबसा खुर्चीत टेकला.

"मास्तर, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "वहिनींना मी कधीच माफ केलं होतं. खूप वर्षं झाली त्याला. आता त्यांना सांगेन, मग सांगेन, असं करत राहून गेलं. रोज काट्यासमोरून जायच्या. मी मान फिरवायचो."

घरात माणसं होती. लेक पाणी घेऊन उभी होती. मास्तर म्हणाले, "बरं." आणि ड्रायव्हर उठून गेल्यावर त्यांना स्वतःची अशी किळस आली की ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. बाई मेली ती दुसऱ्याचा गुन्हा डोक्यावर घेऊन. वर तिला माफीही मिळाली, तीही उशिरा, आणि नवऱ्यानं त्यावर "बरं" म्हटलं.

लेक सासरी परतली. मास्तर कारखान्यात गेले.

एक इंजिन त्यांच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. पिस्टन बोरिंगवाल्यानं धुतले होते, त्याला जमले तसे. खाचांमध्ये अजून काळं होतं. ट्रेमध्ये ते कसेही पडले होते, रांगबिंग काही नव्हती. मास्तर ट्रेकडे बघत राहिले. त्यांच्या मागं मालक उभे होते, बोरिंगवाला मशीन बंद करून आला होता, बाकीचेही हातातलं काम ठेवून उभे होते. मास्तरांचं मन रमावं म्हणून, आदरानं.

"घ्या मास्तर," मालक हळूच म्हणाले.

मास्तरांनी पिस्टन उचलला. नख फिरवलं. परत फिरवलं. हात आपला, बोट आपलं, आणि बोटाच्या पलीकडे काहीच नाही.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

"राहू द्या आज," बोरिंगवाला म्हणाला. "मन थाऱ्यावर नाही तुमचं. मीही उगाच घाई केली."

"आजचं नाही. कित्येक वर्षं कळत नाही. ती बघायची. तीच रांगा लावायची, मी नुसता हात फिरवायचो. त्या ट्रकच्या वेळचा ट्रे मी उलटा केला. ती इथं नव्हतीसुद्धा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, बायको गेली की माणूस सगळंच स्वतःवर घेतो. आमचे वडील असेच बोलायचे, आई गेल्यावर. जरा घरी बसा. विश्रांती घ्या."

खरं बोलणं एवढं अवघड असेल याची मास्तरांना कल्पना होती. बोलल्यावर ते कुणी खरं धरणार नाही, याची मात्र नव्हती. इतकी वर्षं सोंग इतकं छान केलं होतं की आता ते उतरेना. नखाची ख्याती त्यांच्या पुढं भिंतीसारखी उभी होती आणि तिच्या पलीकडे बायको राहिली होती.

"ड्रायव्हरला बोलवा," ते म्हणाले.

वजनकाटा लांब नव्हता. ड्रायव्हर काठी टेकत आला. मास्तरांनी त्याच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, तसंच, शब्दही न बदलता. तोही गोंधळला. त्यानं मालकांकडे बघितलं. मालकांनी डोळ्यांनीच खूण केली, मनावर घेऊ नका म्हणून. ती खूण मास्तरांनी पाहिली.

"ठीक आहे," ते बोरिंगवाल्याला म्हणाले. "पिंपातून एक काढ. चांगला ओरखडलेला काढ, आंधळ्यालाही लागेल असा. आणि एक नवाकोरा आण, कागदात गुंडाळलेला. दोन्ही माझ्या हातात दे. मी डोळे मिटतो."

"मास्तर, कशाला..."

"दे."

त्यांनी डोळे मिटले. पिस्टन हातात आला. त्यांनी नख लावलं आणि आडवं नेलं, सावकाश, जसं त्यांनी एकदा तिचं बोट नेलं होतं. दुसरा आला. त्याच्यावरून नेलं. मास्तरांना वाटलं, देवा, निदान आज काही लागू नये. असं काही त्यांनी जन्मात मागितलं नव्हतं.

"हा नवा," ते म्हणाले आणि डावा हात पुढं केला.

डोळे उघडले तेव्हा डाव्या हातात भंगारातला पिस्टन होता. त्याच्यावरचे ओरखडे चार पावलांवरून दिसत होते.

बोरिंगवाल्यानं तो त्यांच्या हातातून घेतला. आपलं जाडंभरडं, तेलकट नख त्यावरून फिरवलं. तीनदा अडकलं. "लागतं की हो," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं किती वेळा ती थट्टा केली होती ते बहुधा तो आठवत असावा. मालक मान खाली घालून ऑफिसात गेले.

ड्रायव्हर काठी टेकत एक पाऊल पुढं आला.

"परवा मी माफीचं बोललो, ते मी परत घेतो," तो म्हणाला. "वहिनींना ती लागतच नव्हती."

मास्तरांनी मान हलवली. आपल्याबद्दल तो काही बोलेल म्हणून ते थांबले. तो बोलला नाही.

"माझ्या आईला कोण सांगणार?" तो म्हणाला. "ती अजून वहिनींचं नाव निघालं की बोटं मोडते. त्या गेल्याचं कळलं तेव्हाही बोलली. काय बोलली ते सांगत नाही."

"मी सांगतो."

"चला मग."

मास्तरांनी हात पुसले. दोघं रस्त्यानं निघाले. ड्रायव्हरचा पाय ओढत पडायचा, त्यामुळे मास्तरांनाही सावकाश चालावं लागत होतं. काट्याच्या मागं दोन खोल्या होत्या. म्हातारी दारात बसून मटार सोलत होती.

"आई, हे मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांचं ऐकून घे."

मास्तर उभ्यानंच बोलले. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. तिसऱ्यांदा सांगताना शब्द सुटत चालले होते, तरी त्यांनी काही गाळलं नाही. बोटं, रांगा, सांडलेला चहा, ट्रे. म्हातारी ऐकता ऐकता सोलत राहिली. त्यांचं संपल्यावर तिनं सुपातल्या शेंगा एका बाजूला सारल्या.

"ती फळं घेऊन आली होती," म्हातारी म्हणाली. "मी ती फेकून दिली. पोरगा पांगळा केलास म्हणाले. तुझ्या हातांना कीड लागो म्हणाले. तुझ्या लेकीचं पोर असंच पांगळं होवो, असंही म्हणाले, मला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की तिची लेक नुकतीच बाळंत झालीय. ती उभी राहिली. एक शब्द उलटून बोलली नाही. मला वाटलं, गुन्हा अंगाशी आलाय म्हणून वाचा बसलीय." ती थांबली. "फळं गोळा केली तिनं सगळी, खाटेखाली गेलेली पण. आणि माझ्या पोराच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, मग गेली."

ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. म्हातारीनं मान वर करून मास्तरांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं. "ती माझ्यासमोर उभी होती तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

कारखान्यात होतो, असं सांगता आलं असतं. ते खोटं आहे हे सांगणारं आता कुणीच नव्हतं.

"दाराबाहेर," मास्तर म्हणाले. "तिच्याबरोबरच आलो होतो. दाराशी उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं."